बोक्याच्या पेटीची गाठ

आमच्या घरात पिशवीचं तोंड नीट बांधलं गेलं नाही किंवा बुटाची नाडी सुटली की माझी नात म्हणते, "आजीची गाठ." तिने आजीला पाहिलेलंही नाही. हा शब्द तिला तिच्या आईकडून, म्हणजे माझ्या मुलीकडून मिळाला आणि मुलीला तो माझ्यामुळे मिळाला. जिने बांधलेली गाठ कधी आपोआप सुटली नाही, तिच्या नावावर आम्ही सगळ्या सुटणाऱ्या गाठी लावल्या आहेत. आता ती नाही आणि मीही फार दिवसांचा नाही. तेव्हा खरं काय झालं ते लिहून ठेवतो.

नव्वदीच्या दशकाचा शेवट होता. आम्ही नाशिकला सिडकोत दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. मी अंबडच्या एका लहान कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. तो कारखाना बंद पडला. आधी 'थोडे दिवस घरी थांबा' म्हणाले, मग गेटला कुलूपच लागलं. शेवटच्या दिवशी मी माझा डबा, चष्मा आणि स्टोअरमधल्या खोक्यांमागे जन्मलेलं एक मांजराचं पिल्लू एवढं घेऊन घरी आलो. पिल्लू द्राक्षांच्या रिकाम्या पेटीत घातलं होतं. बाजूला हवेसाठी भोकं असतात ती पुठ्ठ्याची पेटी. भोकातून त्याचा पंजा बाहेर येत होता. माझी नोकरी गेली हे मुलीला सांगायच्या आधी मी ती पेटी तिच्या हातात दिली. ती तेव्हा बारा वर्षांची होती. नोकरीचं तिने ऐकलंच नाही, आणि मला तेच हवं होतं.

तो बोका होता, म्हणून बोकोबा. वेगळं नाव ठेवायचं राहूनच गेलं. पेटी त्याने सोडली नाही. मोठा झाला, अंग मावेना, तरी अर्धा बाहेर लोंबत त्यातच झोपायचा.

घर बायकोच्या हातावर चालायचं. ती पापड लाटायची. तिचं माहेर दिंडोरीकडचं. लग्नाआधी तिने चुलत्यांच्या द्राक्षबागेत काड्या बांधल्या होत्या. वेलीची कोवळी काडी तारेला सुतळीने बांधायची. घट्ट झाली तर काडी चिरते, सैल राहिली तर वाऱ्याने सुटते. ती म्हणायची, "आमच्या बागेत वादळ झालं तेव्हा तारा तुटल्या, पण माझ्या गाठी तशाच होत्या." पापडांचे गठ्ठे ती तशीच बांधायची. दुकानदार गाठ सोडायच्या फंदात पडायचे नाहीत, सरळ ब्लेड लावायचे. मुलीच्या दोन वेण्याही रोज सकाळी तीच घालायची. शाळा सुटून, खेळून, धुळीने माखून पोरगी घरी आली तरी रिबिनी जागच्या हललेल्या नसायच्या.

बोका दोन वर्षांचा झाला त्या उन्हाळ्यात तो घाण करायला लागला. आधी मोरीत जाऊन बसून राहायचा. मग घरात कुठेही बसायला लागला, गादीवर, चपलांवर, एकदा मुलीच्या शाळेच्या गणवेशावर. दोन थेंब सांडायचे, पण वास दिवसभर राहायचा. मला वाटलं माजला. मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला मारलं. एकदा नाही, तीन-चार वेळा मारलं. तो पळत नव्हता, तसाच बसून राहायचा आणि घशातून बारीक आवाज काढायचा.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, त्याला उन्हाळी लागलीय. माणसाला लागते तशी. धन्या-जिऱ्याचं पाणी पाजा." आम्हाला पटलं, आणि त्याला काही खर्चही नव्हता. मी त्याला मांडीत दाबून धरायचो आणि मुलगी औषधाच्या ड्रॉपरने त्याच्या तोंडात पाणी सोडायची. दिवसभरात वाटीभर पाणी आम्ही त्याच्या पोटात घातलं. संध्याकाळी तो ओकला आणि पाय ओढत चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला पेटीत घालून सायकलवरून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. बायकोने पेटीला सुतळी बांधून दिली होती. दवाखान्याबाहेर गाई, शेळ्या आणि एक लंगडा बैल होता. बैलाबरोबर आलेला शेतकरी पेटीत डोकावून म्हणाला, "मांजर हाय व्हय? आमच्याकडं म्हातारीला नाय नेत कुणी डॉक्टरकडं."

मी म्हटलं, "पोरीचं आहे."

"मग न्या बाबा. पोरीचं हाय तर न्या." आणि त्याने मला रांगेत पुढे जाऊ दिलं.

डॉक्टरांनी बोक्याच्या पोटावर हात ठेवला आणि माझा हात धरून तिथेच ठेवला. आत मोसंब्याएवढा घट्ट गोळा लागला. "ही लघवी आहे," ते म्हणाले. "बोक्यांची नळी बारीक असते, त्यात रेती अडकली की वाट बंद होते. केव्हापासून आहे?"

मी सांगितलं. धन्याच्या पाण्याचंही सांगितलं.

"टाकीचा नळ बंद, आणि तुम्ही वरून पाणी भरताय." ते रागावले नव्हते. "मांजराची नळी आमच्याकडे नसते. इथे गाई-म्हशींचं सामान. एक काम करा, माणसांच्या मेडिकलमध्ये जा. तान्ह्या बाळाला नाकातून दूध घालायची नळी मिळते. सगळ्यात बारीक नंबरची आणा."

नळी फारशी महाग नव्हती. ती आणली. मी आणि कंपाउंडरने बोक्याला धरलं, डॉक्टरांनी बराच वेळ खटपट केली, आणि मग ट्रेमध्ये लालसर धार लागली. किती वेळ ती धार चालू होती! बोक्याने माझ्या मनगटावर डोकं टाकलं आणि डोळे मिटले. ज्या हाताने मी त्याला मारलं होतं, त्याच हाताचं ते मनगट.

निघताना डॉक्टर म्हणाले, "सुकट बंद करा. ओलं खायला द्या, पाणी भरपूर. आणि हे पुन्हा होऊ शकतं. झालं तर त्याच दिवशी आणा. दिवसभर थांबलात तर विष अंगात भिनेल, मग माझ्याने काही होणार नाही. मी नसलो तर खासगीत जा, पण थांबू नका."

पहिल्या वेळी मला काही कळत नव्हतं, हे मी मान्य करतो. दुसऱ्या वेळी मला सगळं माहीत होतं.

तीन-चार आठवडे बरे गेले. मग एका शनिवारी दुपारी मोरीतून तोच बारीक आवाज आला. मी पोटाला हात लावला, गोळा होता. सरकारी दवाखाना बंद झाला होता आणि रविवारनंतर सोमवारचीही सुट्टी होती. बायकोने पापडाच्या पिठाच्या डब्यात ठेवलेले पैसे काढले आणि सगळे माझ्या हातात दिले. "खासगीत न्या," ती म्हणाली. "मागतील ते द्या. विचार करत बसू नका." तिने पेटीला दोन्ही बाजूंनी सुतळी घेऊन गाठ मारली. मुलीने भोकातून बोट आत घातलं. "संध्याकाळी परत आणणार ना, बाबा?"

मी म्हटलं, "हो."

खासगी दवाखान्याच्या पायरीवर मी पोचलो. आतल्या माणसाने सांगितलं की भूल द्यावी लागेल, नळी टाकून दोन-तीन दिवस ठेवून घ्यावं लागेल, आणि परत होणार नाही याची खात्री देता येत नाही. रक्कम सांगितली. ती माझ्या खिशात होती. हे मी मागच्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. खिशात पुरेसे पैसे होते.

मी म्हटलं, "जरा येतो जाऊन," आणि सायकल वळवली.

त्या वेळी डोक्यात काय होतं ते प्रामाणिकपणे सांगायचं तर गॅसचा सिलिंडर होता. तो संपत आला होता. दोन वर्षं बायकोच्या पैशावर जेवत होतो आणि तिने महिनाभर पोळपाटावर वाकून मिळवलेले पैसे एका मांजराच्या लघवीवर घालायचे, तेही पुन्हा अडणार नाही याची खात्री नसताना, याची मला चीड आली. बोक्याची नाही, बायकोचीही नाही. कसली, ते तेव्हाही कळलं नाही.

नासर्डी नदीच्या पुलाजवळ मी सायकल लावली. खाली उतरलो. गवत होतं, बाभळीची झुडपं होती. पेटी खाली ठेवली आणि गाठ सोडायला लागलो. सुटेना. नखं लावली, दात लावले. बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात मन बदलायला हरकत नव्हती.

झाकण उघडलं तरी बोका बाहेर येईना. ती त्याची पेटी होती, तो कशाला येईल? शेवटी मी पेटी कलती केली आणि त्याला गवतावर सांडला. तो तिथेच बसला, लघवीला बसतात तसा, आणि माझ्याकडे बघत राहिला. मी रिकामी पेटी उचलली, सुतळी खिशात घातली आणि वर आलो.

घरी येऊन म्हटलं, "मुंबई नाक्याला खड्ड्यात सायकल आदळली, गाठ सुटली, त्याने उडी मारली. गर्दीत दिसेनासा झाला."

मुंबई नाका म्हटलं, कारण तो पुलापासून लांब होता.

बायको म्हणाली, "माझी गाठ सुटत नाही हो." मी खिशात हात घातला. सुतळी तिच्यासमोर टाकली. तिने ती उचलली, दोन बोटांमधून टोकापासून टोकापर्यंत सरकवली. दाताने चावलेली जागा तिच्या बोटांना लागली असणार. तिने माझ्याकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. मग सुतळी बोटांभोवती गुंडाळत हळू म्हणाली, "घाईत बांधली असेन."

मी पैसे परत दिले. तिने मोजले नाहीत.

रविवारी सकाळी दूध आणायच्या निमित्ताने मी पुलाखाली गेलो. पेटी ठेवली होती तिथून चार हातांवर तो पडला होता. कुठे गेलाच नव्हता. मी त्याच्यावर गवत आणि दगड टाकले. दूध घेऊन घरी आलो. आणि दुपारी मुलीला घेऊन मुंबई नाक्यावर त्याला शोधायला गेलो. ती गाड्यांखाली वाकून "बोकोबा, बोकोबा" हाका मारत होती. बायकोही हाका मारत होती. मीही मारल्या.

चार दिवस आम्ही जात होतो. पाचव्या दिवशी सकाळी बायको फणी घेऊन बसली तेव्हा मुलगी म्हणाली, "मी घालीन माझी वेणी. तू बांधलेलं सुटतं."

मी दाढी करत होतो. आरशात दोघी दिसत होत्या. तेव्हा बोलायला एकच वाक्य लागलं असतं. बायकोने फणीत अडकलेले केस काढले आणि फणी मुलीच्या हातात दिली. सुट्टीत मुलीने केस कापून घेतले. ते आजपर्यंत आखूडच आहेत.

त्या पैशांतून सिलिंडर आला. दीड महिना त्याच्यावर स्वयंपाक झाला आणि मी जेवलो.

पुढे मला एका गोदामात काम मिळालं, दिवस बरे आले. बायको आणखी दहा-अकरा वर्षं होती. बोका गेल्यापासून मी कुठेही निघालो की ती डबा, पिशवी, जे असेल ते बांधून माझ्यापुढे धरायची आणि म्हणायची, "ओढून बघा." मी ओढून बघायचो. "घट्ट आहे ना?" "आहे." एवढंच. तिने कधी टोमणा मारला नाही, कधी विचारलं नाही. तिला ठाऊक होतं असं मला वाटतं. नवरा घरी बसलेला असताना त्याला पोरीच्या नजरेतून उतरवायचं नाही, एवढा विचार तिने सुतळी गुंडाळता गुंडाळता केला असावा. पण विचारायचं धाडस मला झालं नाही. ती दवाखान्यात होती तेव्हाही मी रोज ठरवून जायचो आणि मोसंबीचा रस पाजून परत यायचो.

मागच्या महिन्यात मुलगी आणि नात पुण्याहून आल्या होत्या. निघताना मी चिवड्याची पिशवी बांधून दिली, ती दारातच सुटली. नात हसून म्हणाली, "आजीची गाठ."

मी म्हटलं, "तुझ्या आजीची गाठ सुटली नव्हती. मी सोडली होती."

नातीला बाहेर पाठवून मी मुलीला सगळं सांगितलं. वर लिहिलंय ते सगळं. पैसे होते हेही. ती खाटेवर बसून ऐकत होती. मला वाटलं होतं ती रागावेल, आणि त्याची माझी तयारी होती.

तिने विचारलं, "आईला माहीत होतं?"

"असावं."

आता ती चाळिशीची आहे, कानाशी केस पांढरे झालेत. तिचा हात मानेमागे गेला, जिथे केस संपतात तिथे.

"मी तिला पुन्हा कधी वेणी घालू दिली नाही, बाबा," ती म्हणाली. "ती विचारायची. लग्नाच्या दिवशीसुद्धा विचारलं होतं तिने."

हे मला माहीत नव्हतं. मी तोवर समजत होतो की जे वाईट केलं ते बोक्याचं आणि बायकोचंच केलं. बाहेर नात रिक्षा आली म्हणून हाका मारत होती. मुलीने खाली पडलेली पिशवी उचलली, तिचं तोंड आवळलं, गाठ मारली. मग सोडली आणि पुन्हा मारली. मग ती तशीच हातात धरून बसून राहिली.