वझलवार बाईंचा लंबक

जबलपूरच्या चेरीतालमध्ये राहणाऱ्या विनताबाई वझलवारांना आपलं चुकलं असं म्हणताना कोणी ऐकलं नव्हतं. त्या उद्धट होत्या असं नाही. सव्वीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ती सवयच राहत नाही. पोरं चुकतात, परीक्षक चुकतो, पुस्तक छापणारा तर हटकून चुकतो. फळ्यापाशी उभं राहणाऱ्याची पाळी काही येत नाही. लग्न राहून गेलं होतं, त्यामुळे घरी चूक काढायला हक्काचं माणूसही नव्हतं. थोरले भाऊ अण्णा होते, पण त्यांना बोलायला वेळ कुठला! अण्णा तोफांच्या कारखान्यात मापखात्यात होते, आणि सप्टेंबरची लढाई थांबून आठ महिने झाले तरी कारखाना तिन्ही पाळ्यांत धडधडतच होता.

ते साल सहासष्ट. अकरावीला शिकवणाऱ्या मास्तर-मास्तरणींसाठी दर उन्हाळ्यात एका कॉलेजात सहा आठवड्यांचा प्रशिक्षण वर्ग भरायचा. नवा अभ्यासक्रम आला होता, आणि जुन्या शिक्षकांना त्यातून वर काढायचं तर अनुभवी हात हवेत, म्हणून प्रयोगांचा भाग ओळीनं तिसऱ्या वर्षी बाईंकडे आला होता. वीस शिक्षक होते. कोणी मझौलीचं, कोणी कुंडमचं, कोणी थेट मंडल्याहून ट्रंक घेऊन आलेलं. स्वतः वर्गात वाघ असलेली ही मंडळी बाकावर बसली की शेवटच्या रांगेतल्या पोरांसारखी खिडकीबाहेर बघायची. बाईंना त्याची गंमत वाटायची.

पहिला प्रयोग लंबकाचा. दोऱ्याला धातूची गोळी टांगायची, झोका द्यायचा, वीस झोक्यांना किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर मोजायचं, आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. पुस्तकात तो नऊशे ऐंशी दिला आहे, आणि शाळेत गेलेल्या प्रत्येकाला तो पाठ असतो. गोळी वाऱ्यानं हलू नये म्हणून पंखे बंद ठेवावे लागायचे, त्यामुळे मे महिन्यातल्या त्या हॉलमध्ये माणसं अक्षरशः उकडून निघायची. लढाईमुळे बाहेरून येणारं सामान अडकलं होतं. वीस जणांत स्टॉपवॉच एकच होतं. नवं, सरकारी, लाल मखमलीच्या डबीतलं.

पहिल्या दिवशी बाईंनी स्वतः प्रयोग करून दाखवला. मीटरभर दोरा, वीस झोके, घड्याळावर नजर, आणि फळ्यावर आकडा : चाळीस पूर्णांक एक सेकंद. हिशेब केला, उत्तर नऊशे ब्याऐंशी. माना डोलल्या. मग पाळीपाळीनं सगळ्यांनी प्रयोग केला आणि तिसऱ्या दिवशी वह्या आल्या. नऊशे अठ्ठ्याहत्तर, नऊशे ऐंशी, नऊशे त्र्याऐंशी. एकोणीस वह्या अशा, हातात हात घालून आल्यासारख्या.

विसावी वही प्रतिमा सोनवलकरची. तिचं उत्तर नऊशे पस्तीस.

ही प्रतिमा कुंडमच्या शाळेत शिकवायची. चोवीस-पंचविशीची, वेणी घट्ट आवळलेली, बोलायला जड. तिची नोकरी कच्ची होती. जुलैपर्यंत या वर्गाचं प्रमाणपत्र दाखवलं तर पक्की, नाही तर दुसरा माणूस यायचा आणि तिला ट्रंक उचलावी लागायची. वर्गाचा नियम असा की उत्तर तीन टक्क्यांच्या आत हवं. त्याबाहेर गेलं तर बाई ‘असमाधानकारक’ लिहिणार, आणि तसा एक शेरा पडला की प्रमाणपत्र नाही. तक्ता शनिवारी द्यायचा होता. बुधवारी बाईंनी तिला बोलावलं आणि पुन्हा करायला लावलं.

तिनं पुन्हा केलं. नऊशे पस्तीस. गुरुवारी बाई स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. तिनं दोरा पुन्हा मोजला, गोळी पुन्हा बांधली, झोके मोठ्यानं मोजले, आणि घड्याळ थांबवलं.

“किती?”

“एक्केचाळीस पूर्णांक एक.”

“अगं, तुझा हात उशिरा पडून राहिला. चाळीस यायला पाहिजे.”

प्रतिमा घड्याळाकडे बघत राहिली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण तिनं तो पुसला नाही. “बाई, हात उशिरा पडला तर सुरू करतानाही उशिराच पडेल ना? घड्याळ एक्केचाळीस दाखवून राहिलं. मी चाळीस काहून लिहू?”

“सगळ्यांचं येतं, तुझंच नाही येत!” बाईंचा आवाज चढला. मंडल्याचे एक गुरुजी दचकून उभेच राहिले. प्रतिमाचे डोळे भरून आले, पण आकडा काही तिनं बदलला नाही. बाईंना तिचा राग आला, आणि घड्याळाची डबी बरोबर घेऊन रिक्षात बसल्यावर कळलं की राग आला तो पोरीचं म्हणणं बरोबर वाटतंय म्हणून. उद्या-परवा आपल्याच हातानं त्या पोरीच्या नावापुढं काट मारायची, हे त्यांना घास गिळू देईना.

संध्याकाळी अण्णा पहिल्या पाळीहून आले, अंघोळ करून पन्ह्याचा पेला घेऊन ओट्यावर बसले. बाईंनी सगळं सांगितलं. अण्णांनी एवढंच विचारलं, “घड्याळ कोणी तपासलं?”

“नवं आहे, अण्णा. डबीतून काढलंय.”

“नवं असू दे ना. आमच्याकडं सकाळी मालाला कोणी हात नाही लावत. आधी माप मोजतात, मग माल. लढाईच्या दिवसांत, दिवे झाकून काम चालू होतं तेव्हाही हे चुकवलं नाही. मापच खोटं निघालं तर पुढचं सगळं खोटं, कितीही सुंदर अक्षरात लिही.” आणि पेला खाली ठेवत म्हणाले, “सकाळचे दोन भोंगे आहेत ना. साडेसहाचा आणि सातचा. कारखान्याची हजेरी त्यावर, तो नाही चुकत. बस घड्याळ घेऊन.”

शुक्रवारी सकाळी बाई गच्चीवर बसल्या. साडेसहाचा भोंगा झाला आणि त्यांनी घड्याळ सुरू केलं. खाली दूधवाल्याशी वहिनींची रोजची हुज्जत चालली होती, बाईंचं तिकडं लक्ष नव्हतं. सातचा भोंगा झाला, त्यांनी कळ दाबली. तीस मिनिटं आणि वर पंचेचाळीस सेकंद.

घड्याळ पळत होतं. अर्ध्या तासात पाऊण मिनिट! बाईंनी तिथंच पेन्सिलीनं हिशेब केला. या घड्याळावर वीस झोक्यांना एक्केचाळीसच यायला हवे, आणि उत्तर नऊशे पस्तीसच. प्रतिमाचा हात बरोबर होता, डोळा बरोबर होता, वही बरोबर होती. बाईंचा जीव भांड्यात पडला. पोरीची नोकरी वाचली, शेरा लिहायची वेळ टळली, सुंठीवाचून खोकला गेला असं वाटून त्या जिना उतरायला लागल्या.

चौथ्या पायरीवर त्या थांबल्या. फळ्यावरचा चाळीस पूर्णांक एक त्यांनीच लिहिला होता, आणि घड्याळ हेच होतं.

मग त्यांना आठवलं. काटा एक्केचाळिसाच्या पुढंच थांबला होता. त्यांनी तो पाहिला होता, आणि हातानं चाळीस लिहिलं होतं. मनात कसली लबाडी नव्हती, हात आपोआप गेला होता. हे त्यांना फार लागलं, कारण ठरवून खोटं बोलणाऱ्याला निदान आपण खोटं बोलतोय एवढं तरी ठाऊक असतं.

सुरुवात झाली ती आधीच्या मोठ्या लढाईत. बेचाळीस-त्रेचाळीस साली शाळेत स्टॉपवॉच नव्हतं, मिळायची आशाही नव्हती, आणि बाहेरच्या परीक्षकाला मात्र नऊशे ऐंशी हवं असायचं. मुलींना नापास कशी होऊ द्यायची? म्हणून तरुण विनताबाईंनी त्यांना उलटा हिशेब शिकवला. उत्तर आधी धरायचं आणि मागं मागं जात सेकंद भरायचे. वर एक कानमंत्रही दिला : अगदी नऊशे ऐंशी नका लिहू, दोन-चार इकडंतिकडं ठेवा, म्हणजे खरं वाटतं. लढाई संपली, घड्याळं आली, पण मंत्र गेला नाही. मुली पास होत गेल्या, शिक्षिका झाल्या, त्यांनी तो पुढं दिला. शिकवणीला येणारी मुलंही तोच शिकली. एकोणीस वह्यांतली ती दोन-चारची गोड चूक बाईंच्याच ओळखीची होती. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि वर राखणीचं मानधन घेतलं होतं.

कॉलेजात जाईपर्यंत बाईंनी एक सोय शोधून काढली. घड्याळ प्रतिमाच्या पाळीच्या जरा आधी पडलं, तेव्हापासून बिघडलं, असं सांगायचं. प्रतिमा सुटते, फळा सुटतो, झाकली मूठ तशीच राहते. कोणी विचारणार नव्हतं. विचारायची छाती असलेली एकच पोर होती आणि तिला तर नोकरी हवी होती.

हॉलमध्ये वीसही जण येऊन बसले होते. बाईंनी डबी टेबलावर ठेवली.

“हे घड्याळ,” त्या म्हणाल्या, आणि समोर प्रतिमा दिसली. काल रडलेली होती, तरी वही उघडून, पेन्सिल टोकदार करून बसली होती. बाईंच्या ओठापर्यंत आलेलं ते पडलेलं घड्याळ परत आत गेलं.

“हे घड्याळ पहिल्या दिवसापासून पळतंय. अर्ध्या तासाला पंचेचाळीस सेकंद. मी आज भोंग्यावर तपासलं. म्हणजे यावर एक्केचाळीस यायला पाहिजे. प्रतिमाचं आलं. तिचं बरोबर आहे आणि तिची माफी मी तुम्हा सगळ्यांसमोर मागते.” त्या थांबल्या. मग फळ्याकडं वळल्या. “फळ्यावर मी चाळीस लिहिलं. ते मी मोजलेलं नव्हतं. काटा एक्केचाळिसावर होता, मी पाहिला, आणि चाळीस लिहिलं. तेवीस-चोवीस वर्षं मी असंच लिहून राहिली.”

बाईंना वाटलं, झालं, हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. आता हे लोक गावोगाव जाऊन सांगतील.

तेवढ्यात मधल्या बाकावरून विष्णू पोफळी उठला. मझौलीचा मास्तर, पोट सुटलेला, गळ्यात रुमाल. पंधरा वर्षांपूर्वी तो बाईंच्या घरी शिकवणीला यायचा.

“बाई, अब क्या छुपाना. माझं नऊशे अठ्ठ्याहत्तर ना? मी लंबकाला हात भी नाही लावला. रांगेत उभा होतो, गर्मी होऊन राहिली होती, तिथंच लिहून टाकलं.” आणि मग, बाईंची थोडी भीती वाटून, हळूच म्हणाला, “दो-चार इधर-उधर ठेवायचं, हे तुम्हीच तर सांगितलं होतं.”

आधी कोणी तरी खुसकन हसलं. मग मंडल्याच्या गुरुजींनी कबूल केलं की त्यांचं त्र्याऐंशी हे विष्णूच्या वहीवरून पाच वाढवून घेतलेलं होतं, आणि मग कोणाला आवरेना. एकेक जण उठून सांगायला लागला, एखादा तर मोठ्या अभिमानानं. घरोघरी मातीच्या चुली! हॉलभर खो-खो हसणं चाललं होतं, आणि त्यात बाईंचंही होतं. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. प्रतिमा तेवढी हसत नव्हती. तिनं पदराचं टोक तोंडावर धरलं होतं आणि खांदे हलत होते. शेजारणीनं पाठीवर हात ठेवला तेव्हा ती म्हणाली, “आईला आज पत्र टाकते.”

बाईंनी सगळ्यांसमोरच तक्ता काढला आणि प्रतिमाच्या नावापुढं ‘समाधानकारक’ लिहिलं. बाकीचे रकाने कोरे ठेवले. “तुमचं सोमवारी,” त्या म्हणाल्या. “तक्ता दोन दिवस उशिरा जाईल. संचालकांना काय सांगायचं ते मी सांगते, खरं तेच सांगते. आता पंखे बंद करा. घड्याळ हेच, पळतं तर पळू दे, किती पळतं ते आता आपल्याला ठाऊक आहे. काट्यावर दिसेल ते लिहायचं, हिशेब नंतर.”

“पहिले कोण?” विष्णूनं विचारलं.

“मी.”

बाईंनी दोरा मोजला. गोळीला झोका दिला. प्रतिमा खडू घेऊन फळ्यापाशी उभी राहिली, आणि वीस झोके सगळ्यांनी मिळून मोजले, शाळेतली पोरं पाढे म्हणतात तसे. विसाव्याला बाईंनी कळ दाबली. अंगठा जरा घाईनं पडला, हे त्यांना दाबतानाच कळलं.

त्यांनी चष्मा सारखा केला आणि घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. काट्यावर काय असेल हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

“चाळीस पूर्णांक नऊ,” त्या म्हणाल्या.

“बाई, दो पॉइंट वाढवून टाका ना,” विष्णू मागून ओरडला, “एकदम बरोबर येईल!”

पुन्हा हशा पिकला. प्रतिमाचा खडू फळ्यावर टेकलेला होता, आणि ती बाईंकडं बघत होती.

“नऊच लिही,” विनताबाई म्हणाल्या. “माझी चूक आहे ती. राहू दे.”