शाळेत आलेले सुरे

शुक्रवारी माझी नोकरी जाता जाता राहिली. सगळं लिहूनच टाकते...

मी मध्य प्रदेशातल्या देवासची. चार महिन्यांपासून थायलंडच्या एका छोट्या गावात शाळेत इंग्रजी शिकवते, अजून प्रोबेशनवरच आहे. दसरा रविवारी होता, म्हणून पाचवीच्या मुलांना आधीच सांगून ठेवलं... आमच्याकडे ज्या हत्यारावर घर चालतं त्याची पूजा करतात, त्या दिवशी त्याला सुट्टी. तुम्हीही शुक्रवारी घरून घेऊन या.

सहज बोलून गेले हो! आमच्याकडे तलवारीपासून बाबांच्या पाना-हातोडीपर्यंत सगळं पाटावर मांडतात, कुणाला काही वाटत नाही.

शुक्रवारी सकाळी गेटवर पाहते तर काय... एकाच्या दप्तरात नारळ फोडायचा कोयता, दुसरीच्या हातात मासे कापायचा हा एवढा सुरा! वॉचमनने सगळं जप्त केलं. मेरी तो जान ही निकल गई, भिया. प्रिन्सिपल मॅडम एवढंच म्हणाल्या, पालकांना बोलवा, तीन वाजता बघू.

दिवसभर एका जागी बसवेना. धारला राहणाऱ्या मामाला मेसेज केला तर म्हणे, "टेन्शन मत ले, परत ये, मांडूला हॉटेल टाकू." डोंबल! इथे मी मनातल्या मनात बॅग भरत होते.

तीनला पालक आले. मी हात जोडून माफी मागितली, हे सगळं कशासाठी होतं तेही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, हत्यारं पालकांच्याच हातात देते, आता पूजा उरकून घ्या, पण यापुढे आधी मला विचारायचं. हुश्श! घाईघाईत हळद-कुंकू लावत सुटले.

त्या सुऱ्याची मालकीण, मासेवाली बाई, सुरा फडक्यात गुंडाळून मैदानातल्या बाकावर जाऊन निवांत बसली. तिच्या लेकीला विचारलं, आईला दुकान नाही का उघडायचं?

"टीचर, तुम्हीच सांगितलं ना, आज सुऱ्याला सुट्टी. मग आईलाही सुट्टी."

मला देवासचा दसरा आठवला. आमच्या घरी बाबांची पाना-हातोडी दिवसभर पाटावर असते... आईची विळी आणि लाटणं कधीच नसतं. ते पूजेत ठेवलं तर सणाचा स्वयंपाक कशाने करणार? आणि हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, याची खरंच लाज वाटली.

तिथूनच फोन लावला. "आई, रविवारी विळी-लाटणं पाटावर ठेव."

"अगं बाई, मग खायचं काय?"

"बाबांना सांग, पोहे-जलेबी आणा बाहेरून."

ती नुसती हसली. दोन दिवस मला चैन नाही... ठेवेल की नाही ठेवणार?

रविवारी बाबांनी फोटो पाठवला. पाटावर विळी, लाटणं, वर झेंडूची फुलं. आणि मागे पलंगावर आई, गाढ झोपलेली. अठ्ठावीस वर्षांची झाले मी... सणाच्या दुपारी आईला झोपलेलं पहिल्यांदाच पाहिलं.