भांडायचं बटण

समोरचा माणूस बोलायला लागला की कंपोजरकाकांची बोटं मांडीवर ते वाक्य टाइप करायला लागत. बोलणारा अडखळला की बोटंही अडखळत. तो लांबण लावू लागला की त्यांचा अंगठा गुडघ्यावर आपटू लागे. मला तो अंगठा फार छळायचा, कारण लांबण लावणारी बहुतेक वेळा मीच असे.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या छापखान्यात ते संगणकावर मजकूर जुळवायचे. फुलंब्रीहून रोज एसटीने येत. माझी आई पाण्यासाठी पत्रकं काढायची, ती सगळी काकांच्या हातून गेली. मी वाचायला शिकले तीच त्या पत्रकांवर. 'कमळ'च्या आधी मला 'धिक्कार' लिहिता येत होता. दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्या नळाला आठवडा-आठवडा पाणी नसे आणि जालना रोडवरच्या नव्या इमारतींच्या जाहिरातींत पोहण्याचे तलाव दिसत. आई थकली तशी पत्रकं मी लिहू लागले. काका वाचून म्हणायचे, "पोरी, यात श्वास कुठं घ्यायचा?"

"राग आहे तो, काका."

"व्हय. पण रागानं बी कधी खाली बसावं की."

स्वतः मात्र ते बसत नसत. दोन ओळी झाल्या की उठायचे, गल्लीत टँकर आला का बघायचे, छपाईच्या खोलीत डोकावायचे, परत यायचे. खुर्चीत टिकायचे ते फक्त डबा खाल्ल्यावर, पत्त्यांचा मेंढीकोट खेळताना.

कागदाच्या गठ्ठ्यांवर तो डाव रंगायचा. काकांचे जोडीदार मशीनवाले रफिकभाई. दोघं एका बाजूने खेळत आणि एकमेकांशीच भांडत. रफिकभाईंचा आवाज मशीनच्या वर चढायचा. मग रस्तारुंदीत छापखान्याचा पुढचा भाग पाडला गेला, मशीन विकलं आणि रफिकभाई मुलाकडे हैदराबादला गेले. मागच्या खोलीत एक संगणक आणि काका उरले. पुढे दोघांना इंटरनेटवर मेंढीकोट सापडला आणि भांडण चॅटवर सुरू झालं.

तेही फार टिकलं नाही. रफिकभाईंना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. डाव्या हाताच्या एका बोटाने पत्ता टाकता येई, पण चॅटसाठी अक्षरं शोधेपर्यंत वेळ संपायचा आणि खेळ आपणच त्यांचा कुठलातरी पत्ता टाकून मोकळा व्हायचा. समोरचे अनोळखी लोक 'मुका आहे का हा' असं लिहून निघून जायचे.

"पत्ता येतोय हैदराबादहून, पण माणूस येईना," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. खेळवाल्या कंपनीला सुचवायचं होतं: एक आकडा दाबला की एक अख्खं वाक्य चॅटवर जावं.

मी लिहिलं, "वाचा हिरावल्या गेलेल्या तमाम खेळाडूंच्या वतीने आम्ही अशी मागणी करतो की..."

अंगठा आपटला. "तमाम काढ. एकच हाय."

"एकासाठी कोण ऐकतं, काका?"

"मग त्या एकाचं नाव लिही."

वाक्यं त्यांनी सांगितली. सलाम. शाब्बास. चुकलं माझं. थांबा, पाणी आलं. आणि शेवटी, जरा विचार करून, जोडीदारावर भडकायचं एक.

काही आठवड्यांनी आकडे खरंच आले. नमस्कार, छान खेळलात, धन्यवाद, माफ करा. सगळं गोड. रागाचं वाक्य गाळलं होतं. खेळात सलोखा राहावा, असं उत्तर होतं. मला आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा माझी एखादी मागणी कुणीतरी मान्य केली होती. काका मात्र खोलीत येरझारा घालत होते.

"आज दिवसभर रफिकभाई मला धन्यवाद देतोय," ते म्हणाले. "त्यानं जन्मात कुणाला दिले नाय. हा दुसराच कुणीतरी बसवलाय त्याच्या जागी."

"मिळालं तेवढं तरी..."

"टँकर मिळाला तवा तुझ्या आईनं काय केलं?"

"नळ मागितला."

"मग लिही."

आम्ही पुन्हा लिहिलं. मग पुन्हा. एक आकडा रिकामा ठेवा, त्याचं वाक्य ज्याचं त्याला लिहू द्या, फक्त जोडीदाराला दिसलं तरी चालेल. शेवटी तो रिकामा आकडा मिळाला. काकांनी हैदराबादला फोन केला. रफिकभाईंची सून म्हणाली, "अब्बांना एकेक अक्षर दाखवून विचारते, काका." वाक्य काय ठरलं, ते मात्र तिने सांगितलं नाही.

आणि ते वाक्य येईचना. काका चुकतच नसत, तर रफिकभाई भडकणार कशावर?

त्या दुपारी मी मजकूर तपासायला शेजारी बसले होते. रफिकभाईंनी एक्का टाकला होता. दोन्ही विरोधकांनी हलके पत्ते टाकले. हात आपलाच होता. शेवटचा पत्ता काकांचा. त्यांनी हुकूम काढला आणि जोडीदाराचा एक्का मारला.

"काका, हे काय केलंत?"

"गप बस."

पडद्यावर अक्षरं उमटली: 'आँखां गिरवी रखके आया क्या रे कंपोजर, गधे.'

काका उठले. चष्मा काढून खिशात ठेवला, परत काढून डोळ्यांवर चढवला. मग दोन्ही हातांनी उत्तर लिहायला लागले, असं लांबलचक की मी लिहिलं असतं तर अंगठा आपटला असता. त्यात त्यांची पाळी गेली आणि खेळाने आपणच त्यांच्या हातातली मेंढी, दहाचा पत्ता, विरोधकांना देऊन टाकली. हैदराबादहून तेच वाक्य परत आलं, आणि परत आलं. बाहेर टँकरचा भोंगा वाजत होता. काका हलले नाहीत. त्या दिवशी ते दोघं सपाटून हरले.

पुढच्या उन्हाळ्यात रफिकभाई गेले. काकांनी तो खेळ काढून टाकला, खोली सोडली आणि फुलंब्रीला घरीच लग्नपत्रिका करू लागले. माझं आणखी एकच पत्रक जुळवून द्यायला तेवढे तयार झाले. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे वाचून कुणाला तुझ्याशी भांडायचं असंल, तर त्यानं यायचं कुठं?"

पत्रकात नुसत्या घोषणा होत्या. त्यांनी मला न विचारता खाली माझं नाव, वार आणि चहाच्या टपरीचा पत्ता टाकला.

"काका, लोक खरंच येतील."

"येऊ दे की."

तेव्हापासून प्रत्येक पत्रकाखाली ती ओळ असते. आणि लोक येतात. गेल्या रविवारी चिकलठाण्याचा एक टँकरमालक पत्रक हातात घेऊन आला आणि चहा गार होईपर्यंत मला वाटेल ते बोलला. मी सगळं ऐकून घेतलं, त्याच्यासाठी दुसरा चहा सांगितला, आणि मग बोलायला सुरुवात केली.