थोरल्या बंधूंचा बॅनर

लातुरात आमच्या क्लासच्या गुणवंतांचा सत्कार होता. करमणुकीला औशाचा एक लोकगीत गायक बोलावला होता. आल्या आल्या त्याने मंचामागे स्वतःचा बॅनर बांधला. त्यावर टीव्हीवर गाणाऱ्या धाकट्या भावाचा खिडकीएवढा चेहरा आणि खाली ‘यांचे थोरले बंधू’. थोरल्या बंधूंचं नाव इतकं बारीक, की मला शेवटपर्यंत वाचता आलं नाही.

डावा हात कानावर ठेवून गायचा. दर कडव्यानंतर थांबून सांगायचा, “ही चाल धाकट्याला म्याच शिकिवली.” टाळ्या भावाला पडायच्या, मान हा लववायचा.

शाल-नारळ घेऊन निघाला, तेव्हा मी मास्तरकीच्या तोऱ्यात टोकलं, “भावाचा फोटो दाखवून सुपाऱ्या घेता, लाज नाही वाटत?”

त्याने बॅनरची गुंडाळी काखेत मारली. क्लासच्या दारावर मेडिकलला लागलेल्या दोन पोरींचे भलेमोठे फोटो होते. तिकडे हनुवटी करून तो म्हणाला, “तुमी काय येगळं करायलात, सर? माझा भाऊ माझ्यापाशी शिकला तरी हाय.”

त्यातल्या एकीला मीही त्या दिवशी सत्काराच्या खुर्चीतच पहिल्यांदा पाहिलं होतं.