अडवलेला मजकूर आणि सुनीता

सुनीता गेल्याचं मला तिच्या भावानं, प्रभाकरदादानं कळवलं. दोन वर्षं ज्या बहिणीचं नाव त्यानं तोंडातून काढलं नव्हतं, ते त्या दिवशी फोनवर काढलं. "सुनी गेली रे, गजानन. डोकं दुखते म्हने, अन् बसल्या जागीच..."  

संग्रामपूरच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, तिच्या घरात ती. हे सांगताना मला आजही छाती पुढं काढावीशी वाटते. शिकल्याचा गावाला उपयोग व्हावा म्हणून तिनं आसपासच्या गावांसाठी इंटरनेटवर चर्चेचा फोरम काढला. बाजारभाव, हरवलेली म्हैस, विजेची वेळ, भांडणं, सगळं तिथं. शिवीगाळ असली की मजकूर आपोआप अडकायचा. मग आम्हा दोघांपैकी एकानं तो वाचून सोडायचा, नाहीतर काढून टाकायचा. मी शिवी दिसली की काढून टाकायचो. ती शेवटपर्यंत वाचायची. "शिव्या देनाऱ्याले बी काही सांगाचं असते, गजानन," म्हणायची.

फवारणीच्या दिवसांत एका दुपारी आम्ही तिच्या खोलीत बसलो होतो. एक मजकूर अडकला. पहिल्या ओळीपासून तिलाच शिव्या, आईबापासकट. मी काढायला गेलो, तर तिनं माझा हात धरला. खाली लिहिलं होतं, प्रभाकरच्या कृषी केंद्राच्या गड्यानं फवारणीचे पंप गावच्या हौदात धुतले, माझी बकरी तोंडाला फेस येऊन मेली, अन् ही बया भावाचं पाप झाकून बसली.

तिनं तिथंच दादाला फोन लावला.

"दादा, हौदात पंप धुतले काय?"

"गडी नवा हाय, चुकलं त्याचं. उद्या हौद उपसतो ना मी."

"अन् आज?"

"मशीननंच अडवलं ना ते? मंग तुले काहीच करा लागत नाही. गप बस."

गुरं परतायची वेळ होत आली होती. शाळा सुटली की पोरंही त्याच हौदावर ओंजळी भरायची. मी म्हणालो, "तू आपल्या शब्दांत लिही ना, हौदाचं पाणी घेऊ नका, एवढंच."

"दादाचं नाव गाळून? लोक म्हनतीन, भावाले झाकून राह्यली. मंग पान्याचं बी खरं धरनार नाहीत, अन् पानी पेतीन."

तिनं मजकूर सोडला, शिव्यांसकट, आणि चप्पल न घालताच धावत सुटली. आम्ही पोचलो तेव्हा फोनवर वाचून चार बाया आधीच हौदाला आडव्या उभ्या होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दादाचं दुकान कित्येक दिवस ओस पडलं. त्या वर्षी भाऊबिजेला तो आला नाही, पुढच्या वर्षीही नाही. दोन्ही वेळा तिनं ओवाळणीचं ताट मांडून ठेवलं. विचारलं तर म्हणाली, "येनं न येनं त्याच्या हाती हाय."

परवा तिच्या खोलीत गेलो. अडकलेला मजकूर साचला होता. दादा दाराशी उभा होता. मी पहिलाच मजकूर उघडला, तो त्याच्यावरचा. जिवंतपणी बहिणीचं तोंड पाहिलं नाही, आता रडून दाखवतो, आणि मुदत संपलेलं औषध अजून विकतो. मधे मधे शिव्या.

"काय हाय रे?"

"काही नाही, दादा."

तो आत आला. चष्मा लावून वाचू लागला. मला वाटलं, मधेच निघून जाईल. गेला नाही.

"खोटं हाय काय, दादा?" मी विचारलं.

तो तिच्या खुर्चीची पाठ धरून उभा राहिला...

"सुनीनं काय केलं असतं?"

"सोडलं असतं."

"मंग तू काऊन थांबला?"