अमोनियाची बाटली

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून तात्यांची हयात गेली होती. पोरं म्हणायची, तात्यांच्या नाकाला लेबल लागत नाही. बाटलीचं बूच निघालं की ते पाठमोरे असतानाही सांगायचे, "झाकण लाव रे, सगळ्यांना रडवशील."

साथीमुळे बंद पडलेलं कॉलेज नुकतंच उघडलं होतं. कर्मचाऱ्यांना नियम कडक होते. फाटकावर ताप बघायचा, मास्क काढायचा नाही, चहा एकेकट्याने प्यायचा. ताप, खोकला किंवा वास जाणं, काहीही जाणवलं तर असू तिथूनच कळवायचं आणि कोणाकोणाजवळ गेलो होतो तेही सांगायचं.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी तात्या आतल्या खोलीत द्रावणं भरत होते. अमोनिया ओतताना डोळे चुरचुरले, पाणी आलं. पण वास आला नाही. मास्कमुळे असेल, म्हणून त्यांनी तो खाली ओढला आणि पुन्हा हुंगलं. काही नाही. ॲसिटिक ॲसिडची बाटली उघडली. नुसतं पाणी असावं तसं.

फाटकावर ताप निघाला नव्हता, अंगही ठणठणीत होतं. बाहेर पोरं रांगेत उभी होती. गप्प राहिलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता.

पण आदल्या दिवशी याच खोलीत विभागाच्या मॅडम त्यांच्यासमोर बसून चहा प्यायल्या होत्या. दोघांचेही मास्क हनुवटीवर होते. मॅडमना सातवा महिना होता.

बाहेर चपलांचा आवाज आला. तात्यांनी धावत जाऊन आतून कडी घातली.

"तात्या? दार का लावलंत?"

"मॅडम, मागे व्हा. माझा वास गेलाय."

"परीक्षा तोंडावर आलीय आणि तुम्हाला चेष्टा सुचतेय?"

"पोरीसारख्या आहात म्हणून सांगतो, आधी खाली जा. तपासून घ्या. काल आपण चहा प्यायलो."

मग चपला जिन्यावरून खाली गेल्या, घाईघाईने.

परीक्षा पुढे ढकलली गेली. प्राचार्य फोनवर एवढंच म्हणाले, "नेमकं आजच?" ऑफिसात कुणीतरी म्हणालं, साधी शिंक आली नाही आणि म्हाताऱ्याने कॉलेज डोक्यावर घेतलं. संध्याकाळपर्यंत तात्यांचा अहवाल आला: लागण झालेली. रिकाम्या वसतिगृहात त्यांना खोली मिळाली. बायको खाली अंगणात उभी राहून ओरडायची, "जेवलात का?" ते खिडकीतून मान हलवायचे. ताट तसंच पडलेलं असायचं.

तपासायला गेलेल्या मॅडमना दवाखान्यातच ठेवून घेतलं; त्यांना ताप आला. तिथेच असल्याने श्वास खालावल्याचं लगेच लक्षात आलं, ऑक्सिजन लावला. त्यापुढचं कुणी धड सांगेना. तात्या फोन उशाशी घेऊन बसत. वाजला की भीती, आणि वाजला नाही तर त्याहून वाईट.

ते घरी परतल्यावर एका दुपारी मॅडमच्या नवऱ्याचा फोन आला. आवाज घोगरा होता. तात्यांनी भिंतीला हात टेकवला.

"मुलगी झाली, तात्या. अगदी चिमुकली आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. पण रडते जोरात. आणि ही कालपासून स्वतः श्वास घेतेय."

तात्यांनी फोन बायकोपुढे धरला.

"तू बोल," ते कसेबसे म्हणाले, आणि तोंड धुवायला मोरीत गेले.