टीकारामची उडी बघायला अर्जुनीला

अर्जुनीकडचा कुणी पोरगा आपला विक्रम मोडणार, असं मैदानावर ऐकल्यापासून ह्यांची झोप उडाली होती. स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांची लांब शर्यत. आडवे खांब ओलांडायचे, त्यातल्या एकापलीकडे पाण्याचा खड्डा. नागपूर भागात तिचा विक्रम ह्यांच्या नावावर होता. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता, आमचं लग्नही नवंच. एका सकाळी हे म्हणाले, "सुमन, पिशवी भर. त्याला एकदा पाहूनच येऊ."

गोंदियाला उतरलो तर फलाटावर सगळी हिंदी. चहावाला ओरडला, "अर्जुनी? छोटी लाइन उधर है, जल्दी करो!" त्या छोट्या गाडीत लाकडी बाकं आणि डोळ्यांत जाणारी कोळशाची कणी. आता तिथे मोठी गाडी धावते, तुम्हाला तो त्रास नाही. बाहेर धानाची कापणी चालली होती, मध्येच दाट जंगल लागत होतं. ह्यांनी एकदाही बाहेर पाहिलं नाही.

अर्जुनीहून रेंगीने, म्हणजे हलक्या बैलगाडीने, तिथल्याच प्रतापगड नावाच्या डोंगरी किल्ल्याच्या बाजूच्या गावी पोचलो. थंडीत जाणार असाल तर घोंगडी हवीच.

तो पोरगा म्हणजे टीकाराम, पोवारांच्या घरचा, विशीतला, काटक. ह्यांचं नाव ऐकताच तो पाया पडला. "भाऊ, तुमी खुद आले? मी त तुमचाच टाइम मोडाची तयारी करून राहिलो!"

हे हसले, पण नुसते ओठांनी.

"कायले पळतेस रे?" त्याची माय आतून म्हणाली. "टांग मोडली त धान कोण कापंल?" तरी तिने आम्हाला वाफाळता भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण पोटभर वाढलं.

दुपारी तो बांधांवरून पळाला. ह्यांच्या सरावाला नेहमी मीच घड्याळ धरायची. त्या दिवशी काट्याकडे पाहिलं आणि ह्यांना दिसू नये म्हणून घड्याळ पदराखाली घेतलं.

शेताच्या पाण्याच्या पाटावर त्याने सागाचं लाकूड आडवं टाकलं होतं. "इथंच अडकतो मी," तो म्हणाला. "काऊन होते तसं?"

ह्यांनी लाकूड पायाने चाचपलं. मग म्हणाले, "लाकडाला पाय लावू नको. जितकं उंच उडशील तितकं बरं."

हे स्वतः लाकडावर पाय टेकवून, अंग खाली ठेवून लांब झेप घेत. उंच उडणारा लाकडालगतच खोल पाण्यात आदळतो.

दुसऱ्या दिवशी स्टेशनची वाट अर्धी सरली. शेवटी मी म्हणाले, "तो तसाच उडत असेल आता. पाय मोडेल त्याचा."

"गप्प बस."

"नाही बसणार."

ह्यांनी गाडीवानाच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "फिरव."

"गाडी चुकंल ना जी! मंग उद्याच भेटंल."

"चुकू दे."

आम्ही पोचलो तेव्हा टीकाराम पाटाकाठी घोटा धरून बसला होता. माय हळद लावत होती. हे त्याच्यापुढे उकिडवे बसले. "मी खोटं सांगितलं तुला. मुद्दाम."

"काऊन?"

"तुझी भीती वाटली."

मायने हळदीची वाटी खाली आपटली. टीकाराम म्हणाला, "मंग आता खरं सांगा."

घोटा मुरगळलाच होता, मोडला नव्हता. ह्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्या बर्फासारख्या पाण्यावरून स्वतः उड्या मारून दाखवल्या, ओठ निळे पडेपर्यंत.

प्रतापगड काही आम्ही चढलो नाही. तुम्ही चढा.

थंडी सरता सरता नागपूरच्या मैदानावर टीकारामने ह्यांचा विक्रम मोडला. निकाल पुकारला तेव्हा मला ह्यांच्याकडे बघवेना. टीकाराम ओल्या अंगाने आला आणि ह्यांच्याशेजारी गवतावर बसला.

"डावा पाय अजून उशिरा उचलतोस," हे म्हणाले.

घरी येऊन मी चूल पेटवली. हे दाराशी बसले होते.

"वाईट वाटतंय गं," म्हणाले.

"मलाही," मी म्हणाले, आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.